एड्सगर डायक्स्ट्रा : अर्धवट कामांचा हिशोब ठेवणारा माणूस

डायक्स्ट्रा हे नाव आपल्या कॉलेजमध्ये कुणाला माहीत नाही? कॉम्प्युटरवाल्यांना आहेच, शिवाय आयटी, ईएनटीसी आणि नेटवर्क्स घेतलेल्या सगळ्यांनाच ते माहीत आहे. गावांचे गोल काढायचे, रस्त्यांवर किलोमीटर लिहायचे आणि सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचा. टेबल नीट भरलं की मार्क हमखास. पेपर संपला की डायक्स्ट्राही संपला! हा माणूस कोण, कुठला, त्यानं आणखी काय केलं, हे विचारायला आपल्याला वेळ नसतो.

मी त्याच्यापर्यंत पोचले ती शॉर्टेस्ट पाथच्या वाटेनं नाही. आमच्या ग्रुपचं मिनी प्रोजेक्ट रस्ट या भाषेत आहे. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये शिरायचं, त्याच्या आत फोल्डर असेल तर त्यातही शिरायचं, आणि सगळ्या फायलींची यादी करायची. फोल्डरच्या आत फोल्डर, म्हणून फंक्शन रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःच स्वतःला बोलावणारं. नेटवर्कवरून उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून फंक्शन असिंक, म्हणजे मध्येच थांबून दुसऱ्याला वाट करून देणारं. आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की रस्टचा कंपायलर अडवतो. मध्ये बॉक्स घाला म्हणतो. घातला की चालतं. एआयला विचारलं तरी तो एका सेकंदात तेच सांगतो. पण व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, की बाई, बॉक्स का? मग काय सांगायचं?

या ‘का’च्या मागे मागे जात राहिलं की आपण १९६० सालच्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका तरुणापाशी येऊन पोचतो. तो हाच आपला डायक्स्ट्रा.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. रिकर्शनला मराठीत पुनरावर्तन म्हणतात हे मला डिक्शनरीनं सांगितलं. पण हॉस्टेलमध्ये आपण जे बोलतो तेच शब्द इथे वापरते, म्हणजे तुम्हालाही बरं आणि मलाही.

रसायनातला बाप, गणितातली आई

एड्सगर वीबे डायक्स्ट्राचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरातला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक. आई गणितात अतिशय हुशार, पण तिनं कधी नोकरी केली नाही. मुलाच्या डोक्यावर मात्र तिचाच संस्कार जास्त. ट्रिगनॉमेट्री अवघड आहे का, असं त्यानं लहानपणी तिला विचारलं होतं. तिनं सांगितलं की सूत्रं नीट माहीत करून घे, आणि उत्तर पाच ओळींच्या पुढे जायला लागलं तर समज की तू चुकीच्या रस्त्यावर आहेस. हा सल्ला त्यानं आयुष्यभर पाळला. लांबलचक आणि किचकट उत्तराकडे तो कायम संशयानं बघायचा.

तो दहा वर्षांचा झाला आणि अवघ्या तीन दिवसांनी, १४ मे १९४० ला, जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बॉम्ब टाकले. शहराचा मधला भाग जळून गेला. देश पाच वर्षं जर्मनांच्या ताब्यात राहिला. युद्ध संपलं तेव्हा या मुलाच्या डोक्यात कायदा शिकायचं होतं. नव्यानं निघालेल्या युनायटेड नेशन्समध्ये आपल्या देशाचा प्रतिनिधी व्हायचं, असं त्याचं स्वप्न. पण १९४८ मध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात आणि विज्ञानात इतके मार्क पडले की सगळ्यांनी त्याला सायन्सकडे ढकललं. (हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्या अर्ध्या हॉस्टेलची हीच कथा!) तो लायडन युनिव्हर्सिटीत थिअरॉटिकल फिजिक्स शिकायला गेला.

१९५१ मध्ये वडिलांच्या वाचनात एक जाहिरात आली. इंग्लंडमध्ये केंब्रिजला तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स होता, मॉरिस विल्क्सच्या एडसॅक मशीनवर. फिजिक्सच्या गणितांना उपयोग होईल म्हणून डायक्स्ट्रा गेला. तिथून परत आल्यावर मार्च १९५२ पासून तो अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये पार्ट टाइम प्रोग्रॅमर झाला. त्याला घेतलं आड्रियान फान वाइनगार्डन यांनी. नेदरलँड्समधला पहिला प्रोग्रॅमर म्हणून त्याचंच नाव घेतात.

पण मन दोन्हीकडे. फिजिक्सला इज्जत होती, पुस्तकं होती, परंपरा होती. प्रोग्रॅमिंगला यातलं काहीच नव्हतं. मशीनवाले इंजिनिअर मशीन बनवत, ते निदान दाखवता तरी येई. प्रोग्रॅमर काय दाखवणार? शेवटी १९५५ मध्ये तो फान वाइनगार्डन यांच्या खोलीत जाऊन हे सगळं बोलला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या विषयात अजून शिस्त नाही हे त्यांनी मान्य केलं. पण कॉम्प्युटर आता कुठं जाणार नाहीत, मग ही शिस्त आणणाऱ्यांपैकी तू एक का होऊ नयेस, असं त्यांनी विचारलं. त्या एका भेटीनं डायक्स्ट्राचं आयुष्य ठरलं. फिजिक्सची डिग्री लवकरात लवकर पुरी करायची आणि मग प्रोग्रॅमिंगच करायचं.

१९५७ मध्ये रिया डेबेट्सशी त्याचं लग्न झालं. ती त्याच सेंटरमध्ये हिशोबाच्या कामावर होती. लग्नाच्या फॉर्मवर व्यवसाय लिहायचा होता, त्यानं प्रोग्रॅमर लिहिलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युनिसिपालिटीनं ते नाकारलं, असा व्यवसायच नसतो म्हणून! शेवटी कागदावर थिअरॉटिकल फिजिसिस्ट असं लागलं.

आपला परीक्षेतला अल्गोरिदम याच काळातला. १९५६ मध्ये आर्मॅक नावाच्या नव्या मशीनचं उद्घाटन होतं. पाहुण्यांना समजेल असा काहीतरी प्रश्न मशीनकडून सोडवून दाखवायचा होता. डायक्स्ट्रा आणि रिया बाजारात फिरून दमले, एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी प्यायला बसले, आणि तिथं त्यानं साधारण वीस मिनिटांत अल्गोरिदम जुळवला. कागद नाही, पेन नाही. नेदरलँड्समधली ६४ शहरं घेऊन तो दाखवला गेला. छापायला मात्र त्यानं तीन वर्षं लावली. १९५९ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

मध्येच कुणी हाक मारली तर?

आता खऱ्या गोष्टीकडे येऊ. डायक्स्ट्राच्या पुढच्या दहा वर्षांतलं काम मी एकाच प्रश्नात बसवते. काम अर्धवट सोडून दुसरीकडे जावं लागलं, तर त्या अर्धवट कामाचा हिशोब कुठं ठेवायचा? हा प्रश्न त्याच्यापुढे तीन वेळा आला, दर वेळी वेगळ्या रूपात.

पहिल्यांदा तो आला एक्स-वन या मशीनवर. हे मशीन इलेक्ट्रोलॉजिका या कंपनीचं. ते बनवणारे लूपस्ट्रा आणि स्कोल्टन हे त्याचे जुने सहकारी. तोपर्यंतचे कॉम्प्युटर टाइपरायटरला अक्षर पाठवायचे आणि ते छापून होईपर्यंत बसून राहायचे. या दोघांनी ठरवलं की मशीनला इंटरप्ट द्यायचा. म्हणजे छापून झालं की उपकरणानंच हाक मारायची, मशीननं हातातलं काम सोडून तिकडे बघायचं आणि मग परत यायचं.

डायक्स्ट्रा घाबरला! कारण ही हाक कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकते. तोच प्रोग्रॅम तोच डेटा घेऊन पुन्हा चालवला तरी हाक दुसऱ्याच ठिकाणी येणार. म्हणजे एखादी चूक आज दिसली तर उद्या दिसेलच असं नाही. जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही ती शोधायची कशी? त्यानं काही महिने हा निर्णय लांबवला. पण त्या दोघांनी त्याला मनवलं, आणि मग त्यानंच तो इंटरप्ट हँडलर लिहिला. टेस्ट करून भरवसा मिळणार नाही हे कळल्यामुळे त्याला प्रत्येक शक्यता आधीच विचार करून पक्की करावी लागली. हाक कधीही येवो, मूळ प्रोग्रॅमला पत्ताही लागता कामा नये. या कामावरच त्याचा १९५९ चा पीएचडीचा प्रबंध आहे.

माझ्या मते पुढचा सगळा डायक्स्ट्रा या भीतीतून तयार झाला. प्रोग्रॅम चालला एवढं पुरेसं नाही, तो बरोबर का आहे हे सांगता आलं पाहिजे, हा त्याचा हट्ट इथून सुरू होतो.

किराणा दुकानातली तार

दुसऱ्यांदा हाच प्रश्न आला तो रिकर्शनच्या रूपानं.

तेव्हाच्या फॉरट्रानसारख्या भाषांमध्ये प्रत्येक सबरुटीनला मेमरीत एक ठरलेली जागा असायची. तिची व्हेरिएबल्स तिथं, आणि काम झाल्यावर परत कुठं जायचं तो पत्ताही तिथंच. आता या सबरुटीननं स्वतःलाच बोलावलं तर काय होईल? दुसऱ्या खेपेची माहिती पहिल्या खेपेच्या माहितीवर लिहिली जाईल. पहिलं काम अर्धवट होतं, आणि त्याचा हिशोबच पुसला गेला!

१९६० मध्ये अल्गोल ६० ही भाषा ठरत होती. प्रोसिजरनं स्वतःला बोलवायचं की नाही यावर कमिटीत एकमत नव्हतं. फेब्रुवारी १९६० मध्ये रिपोर्ट छापायला जायच्या बेतात असताना अ‍ॅमस्टरडॅमहून फान वाइनगार्डन यांनी रिपोर्टचे संपादक पीटर नाउर यांना फोन केला. त्या बोलण्यातून रिपोर्टमध्ये एक साधं वाक्य आलं आणि त्यामुळे रिकर्शनला परवानगी मिळाली. बऱ्याच जणांना हे नंतर कळलं. हा किस्सा पुढे अ‍ॅमस्टरडॅमचा कट म्हणून गाजला. या कटात डायक्स्ट्राही होता.

परवानगी मिळाली, पण मशीनवर करून कोण दाखवणार? डायक्स्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड या दोघांनी एक्स-वनसाठी अल्गोलचा कंपायलर लिहायला घेतला. तो पुरा होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं म्हणे. ऑगस्ट १९६० मध्ये कंपायलर चालू झाला. झोनेव्हेल्डनं दाढी काढली, डायक्स्ट्राची मात्र शेवटपर्यंत राहिली.

त्यानं केलं काय, ते आपल्याकडच्या उदाहरणानं सांगते. जुन्या किराणा दुकानात मालकाच्या शेजारी एक उभी टोकदार तार असते. बिल आलं की त्यावर टोचायचं. शेवटचं टोचलेलं बिल सगळ्यात वर, काढताना तेच पहिलं निघणार. डायक्स्ट्रानं सबरुटीनची ठरलेली जागा काढून टाकली. प्रत्येक वेळी बोलावलं की एक नवी चिठ्ठी करायची. चिठ्ठीवर या खेपेची व्हेरिएबल्स आणि परत कुठं जायचं तो पत्ता. ती तारेवर टोचायची. काम झालं की काढून टाकायची. एकच फंक्शन दहा वेळा आत शिरलं तर एकाच नावाच्या दहा चिठ्ठ्या, प्रत्येकीचा हिशोब वेगळा. हाच आपला स्टॅक.

स्टॅकची कल्पना त्याच्या एकट्याची नव्हे. जर्मनीत बाउअर आणि सामेल्सन यांनी गणिती एक्स्प्रेशन सोडवताना ती आधीच वापरली होती. पण आख्खी भाषा, रिकर्शनसकट, अशा तारेवर कशी उभी करायची हे डायक्स्ट्रानं १९६० च्याच एका छोट्या पेपरमध्ये नीट मांडलं. आज आपण सी मध्ये फॅक्टोरियल लिहितो आणि विसरून जातो, त्याच्या खाली हे काम आहे.

आइंडहोवन : तार एक, गिऱ्हाइकं अनेक

१९६२ मध्ये डायक्स्ट्रा आइंडहोवनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत गणिताचा प्रोफेसर झाला. तिथं एक्स-एट हे मशीन येणार होतं. त्यासाठी त्यानं पाच-सहा जणांच्या टीमबरोबर एक ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. तिचं नाव टीएचई, म्हणजे कॉलेजच्या डच नावाची आद्याक्षरं. मशीनची कोर मेमरी ३२ हजार शब्दांची. त्यात एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवायचे.

इथं तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, आणि या वेळी तार अपुरी पडली. तारेवरून चिठ्ठ्या उलट्या क्रमानंच निघतात. पण आता दहा कामं अर्धवट आहेत, आणि त्यातलं कुठलं आधी पुढे सरकेल हे ठरलेलं नाही. एकाला प्रिंटरची वाट बघायची आहे, दुसऱ्याला ड्रमवरून डेटा यायचा आहे. ज्याची वस्तू आधी येईल त्याला आधी उठवायचं. त्याची चिठ्ठी तारेच्या मध्येच अडकली असेल तर?

उत्तर असं, की प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणायचं आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा ठेवायचा. कोण किती वेगानं चालतो याचा अंदाज कुणीच बांधायचा नाही. जिथं एकमेकांसाठी थांबणं गरजेचं आहे तिथंच थांबायचं, आणि तेही सांगून. या थांबण्यासाठी त्यानं रेल्वेच्या सिग्नलवरून नाव घेतलं, सेमाफोर. आपल्या ओएसच्या पुस्तकात पी आणि व्ही अशी दोन ऑपरेशन्स असतात, आणि ही अक्षरं इंग्रजी शब्दांची का नाहीत असं कोडं पडतं. ती डच शब्दांची आहेत! म्युच्युअल एक्सक्लूजनवरचा त्याचा पेपर १९६५ चा. जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचं कोडंही त्याचंच, तेही १९६५ मध्ये त्यानं विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलं होतं.

१९६८ मध्ये टीएचईबद्दलचा पेपर आला. सिस्टिम एकावर एक थरांत बांधली होती, आणि प्रत्येक थर वेगळा तपासून मगच वरचा चढवला होता. टेस्टिंगमध्ये किरकोळ कोडिंगच्याच चुका निघाल्या, साधारण ५०० सूचनांमागे एक, आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांच्या आत सापडली. आपल्या सबमिशनच्या आदल्या रात्री आठवा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

यशानंतरचं आजारपण

इतकं केल्यावर कौतुक झालं असेल असं वाटतं. पण त्याच्या गणित डिपार्टमेंटला यात गणित दिसेना. त्याचा ग्रुप मोडला. डायक्स्ट्रा डिप्रेशनमध्ये गेला. ही गोष्ट त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे, न लपवता. त्यातून बाहेर पडायला त्यानं औषधासारखं लिखाण धरलं. प्रोग्रॅम आपल्या डोक्यात मावेल असा कसा बांधायचा, या एकाच प्रश्नावर तो लिहीत राहिला. तेच ते स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवरचं टिपण, १९६९ चं. आज फर्स्ट इयरला जे पहिल्या आठवड्यात शिकवतात त्याच्या मुळाशी एका खचलेल्या माणसाची स्वतःला सावरायची धडपड आहे. हॉस्टेलमध्ये बॅकलॉग घेऊन गप्प बसलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींना हे सांगावंसं वाटतं.

गो-टूच्या विरोधातलं त्याचं गाजलेलं पत्र मार्च १९६८ चं. त्याचं भडक शीर्षक मात्र संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलं. १९७२ मध्ये त्याला ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. तेव्हाच्या भाषणात त्यानं प्रोग्रॅमरनं नम्र असावं, आपल्या मेंदूची मर्यादा ओळखावी, असं सांगितलं. गंमत अशी की स्वतः डायक्स्ट्रा बोलायला फार तिखट. न आवडलेल्या भाषांवर आणि लोकांवर तो सडकून टीका करायचा. त्यामुळे त्याला गर्विष्ठ म्हणणारेही खूप होते.

आता बॉक्सकडे

मग रस्टमधला आपला बॉक्स? आता दोन मिनिटांत समजेल.

असिंक फंक्शन म्हणजे मध्येच थांबणारं काम. अशी हजारो कामं एका वेळी अर्धवट असू शकतात. प्रत्येकाला डायक्स्ट्राच्या प्रोसेससारखी स्वतंत्र तार, म्हणजे स्वतंत्र स्टॅक दिला तर मेमरी फार लागते. म्हणून रस्टनं दुसरी वाट धरली. १९६३ मध्ये मेल्विन कॉन्वे यांनी मांडलेल्या कोरुटीनच्या घराण्यातली ही वाट. रस्टच्या पक्क्या आवृत्तीत ती नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. कंपायलर असिंक फंक्शनचं एक पाकीट बनवतो, त्याला फ्यूचर म्हणतात. काम कुठं थांबलं आणि थांबताना कुठली व्हेरिएबल्स हातात होती ते सगळं त्या पाकिटात. ज्या दुसऱ्या असिंक फंक्शनसाठी आपण थांबलो आहोत, त्याचं पाकीटही आपल्याच पाकिटात ठेवलेलं असतं. आणि पाकिटाची साइज कंपायलरला आधीच माहीत हवी.

आता फंक्शन स्वतःसाठीच थांबलं तर? पाकिटाच्या आत तेवढंच पाकीट, त्याच्या आत पुन्हा तेवढंच. साइज एस धरली तर समीकरण येतं, एस बरोबर एस अधिक काहीतरी. मॅथ्सच्या कुठल्याही सेमिस्टरमध्ये हे सुटणार नाही! साध्या रिकर्शनमध्ये ही अडचण येत नाही, कारण डायक्स्ट्राच्या तारेवर चिठ्ठ्या चालता चालता वाढतात, किती लागतील ते आधी सांगावं लागत नाही.

बॉक्स इथं कामाला येतो. आतलं पाकीट पाकिटात ठेवायचंच नाही. ते हीपवर, म्हणजे समजा लॉकरमध्ये ठेवायचं, आणि आपल्या पाकिटात फक्त लॉकरची किल्ली. किल्लीची साइज ठरलेली, ६४ बिटच्या मशीनवर साधारणपणे ८ बाइट. समीकरण सुटलं. शिवाय थांबलेलं पाकीट मेमरीत इकडून तिकडे हलवलं तर आतले पत्ते चुकतील, म्हणून त्याला पिनही मारायची. हेच ते बॉक्स-पिन. मार्च २०२४ च्या १.७७ आवृत्तीपर्यंत यासाठी फंक्शनचं रूपच बदलावं लागायचं. त्यानंतर फंक्शन असिंकच ठेवून स्वतःला बोलावताना बॉक्स-पिन लावलं तरी चालतं.

फुकट मात्र काहीच नाही. प्रत्येक खेपेला हीपवर नवी जागा घ्यावी लागते. आणि झाड फारच खोल असेल तर काम पुढे ढकलताना एका बॉक्समधून दुसऱ्यात शिरता शिरता खरा स्टॅकही संपू शकतो. तेव्हा सरळ मार्ग म्हणजे रिकर्शन सोडायचं, राहिलेल्या फोल्डरांची यादी आपणच एका व्हेक्टरमध्ये ठेवायची आणि लूप चालवायचा. म्हणजे काय, तर किराणा दुकानातली तार आपल्या हातानं उभी करायची! फिरून आपण १९६० मध्येच येतो.

रस्ट डायक्स्ट्रानं पाहिली नाही. पण प्रोग्रॅम चालायच्या आधीच त्याची बाजू तपासणारा कंपायलर त्याच्या स्वभावाच्या जवळचा आहे, असं मला वाटतं.

शेवटची वर्षं

१९७३ पासून तो बरोज कंपनीचा रिसर्च फेलो झाला आणि न्यूनन गावातल्या घरीच बसून काम करू लागला. १९८४ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीत गेला आणि १९९९ मध्ये निवृत्त झाला. कॉम्प्युटर सायन्समधला एवढा मोठा माणूस, पण लिहायचा फाउंटन पेननं. प्रत्येक लेखाला स्वतःच्या आद्याक्षरांचा नंबर द्यायचा, ईडब्ल्यूडी अमुक. त्याच्या झेरॉक्स काही लोकांना पोस्टानं पाठवायचा, ते पुढच्यांना द्यायचे. असे १३०० हून जास्त लेख झाले आणि ते आज टेक्सास युनिव्हर्सिटीनं जपून ठेवले आहेत. स्कॅनमध्ये ते अक्षर बघण्यासारखं आहे, क्वचितच कुठे खाडाखोड. आधी विचार पुरा करायचा, मग पेन उचलायचं, हे त्या पानांवर दिसतं.

सुट्टीत तो आणि रिया एका फोक्सवॅगन गाडीतून अमेरिकेतली नॅशनल पार्क्स फिरायचे. ट्युरिंग मशीनच्या नावावर कोटी करून त्यानं गाडीचं नाव ठेवलं होतं टूरिंग मशीन! घरी तो पियानोवर मोत्सार्ट वाजवायचा. २००२ मध्ये आजारी अवस्थेत तो न्यूननला परतला आणि ६ ऑगस्ट २००२ ला कॅन्सरनं गेला. वय ७२. वितरित कॉम्प्युटिंगमधल्या एका नावाजलेल्या पेपरच्या पुरस्काराला २००३ पासून त्याचं नाव दिलं आहे.

मित्रांनो, आज कोड मिळणं कधी नव्हतं इतकं सोपं झालंय. विचारलं की मिळतं, पेस्ट केलं की चालतं. डायक्स्ट्राच्या काळात प्रश्न होता की प्रोग्रॅमर हा व्यवसाय आहे का. आपल्या पिढीला तोच प्रश्न पुन्हा विचारला जातोय, फक्त विचारणारी म्युनिसिपालिटी नाही, इंटरव्ह्यू घेणारी कंपनी आहे. बॉक्स लावणं कुणालाही येईल. बॉक्स का, हे ज्याला सांगता येईल त्यालाच आपल्या फॉर्मवर बिनधास्त प्रोग्रॅमर लिहिता येईल. तेव्हा पुढच्या पेपरात शॉर्टेस्ट पाथचं टेबल भरताना त्या दाढीवाल्या माणसाची आठवण ठेवा, आणि जमलं तर त्याचा एखादा ईडब्ल्यूडी वाचा. बरेचसे दोन-चार पानांचेच आहेत, मेसची बेल व्हायच्या आत संपतील.